आमच्या लॅपटॉपला ऊन लागलं

मी धुळ्याच्या एका शाळेत तीस वर्षं 'उष्णता' हा धडा शिकवला आणि त्या तीस वर्षांत माझ्या हातून एकही वस्तू बिघडली नाही. जे काही झालं ते निवृत्तीनंतर झालं.

निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला, मेहरूणमध्ये राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, बायको सुमन आणि मुलगी तेजल. तेजल इंजिनिअर होऊन वर्ष झालं होतं आणि नोकरी लागत नव्हती. रोज सकाळी ती लॅपटॉप उघडायची, अर्ज पाठवायची, मुलाखती द्यायची, आणि सगळ्या कंपन्या तिला 'कळवतो' म्हणायच्या. शेजारपाजारचे विचारायचे, "काय गं, झालं का काही?" ती हसून म्हणायची, "चाललंय." ते हसू दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं, हे मला दिसत होतं. बाप म्हणून काहीतरी करावं असं फार वाटायचं. (माझा सगळा घोटाळा या 'काहीतरी करावं'पासूनच सुरू होतो, हे सुमनचं मत आहे. मी ते फक्त नोंदवून ठेवतो.)

अशात मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. घरबसल्या, लॅपटॉपवरून, दुपारी दोन वाजता.

जळगावातली मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळत नाही, आणि ज्याने पाहिली आहे त्याच्या अंगात सांगायचं त्राण उरत नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. टाकीतल्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकली तरी भागेल. अशा वेळी तेजल इस्त्रीचा कुर्ता घालून टेबलापाशी बसली, समोरचे साहेब "गुड आफ्टरनून" म्हणाले आणि लॅपटॉपच्या पंख्याने जो सूर धरला तो थेट पिठाच्या गिरणीचा!

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

"फॅनचा आहे, सर."

"तुमच्याकडे हेलिकॉप्टर उतरतंय असं वाटलं."

विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. साहेब गेले, गिरणी थांबली आणि घरात भयाण शांतता पसरली. तेजलने बटण दाबलं तर लॅपटॉपने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. "पप्पा, तापून बंद पडला."

कंपनीतली माणसं भली. त्यांनी सोमवारी दुपारी दोनला पुन्हा वेळ दिली, पण हीच शेवटची, असं बजावून. त्यात तासाभराची परीक्षाही होती आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर नोंदवलेलं, त्यामुळे शेजारच्यांचा लॅपटॉप मागून आणायचीही सोय नव्हती. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, ठेवून जा, आठ दिवसांनी या. वार होता शुक्रवार.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हा उष्णतेचा प्रश्न आहे. म्हणजे माझा विषय आहे."

तेजलच्या चेहऱ्यावर काळजी दिसली ती तेव्हापासून.

लॅपटॉप गार होऊन पुन्हा सुरू झाल्यावर तिने त्यावर एक प्रोग्राम टाकला. त्यात आतल्या भागाचं तापमान लाल आकड्यांत दिसायचं. मी चष्मा लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव!

"सुमन, इकडे ये! पाणी शंभरला उकळतं. आपल्या लॅपटॉपच्या आत अठ्ठ्याण्णव आहे! याच्यात चहा होईल!"

"मग ठेवा आधण," सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेवढाच माझा गॅस वाचेल."

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. उष्णता तीन प्रकारे वाहते: वहन, अभिसरण आणि प्रारण. मी वहनापासून सुरुवात केली. तांबं हा उत्तम वाहक. तेव्हा देवघरातले दोन तांबे माठाच्या पाण्याने भरून टेबलावर ठेवले आणि त्यांच्या तोंडांवर लॅपटॉप आडवा टाकला, नदीवर पूल टाकतात तसा. तेजल टाइप करायला लागली आणि पूल हलायला लागला. तिने जरा जोरात एंटर मारल्याबरोबर डावीकडचा तांब्या कलला आणि पाणी तिच्या मांडीवर.

"पप्पा!"

"तापमान बघ आधी, तापमान!"

तापमान सत्त्याण्णव. तांब्यामुळे एक अंश कमी झाला होता. मी हे यश समजलो.

मग अभिसरण. आमचा कूलर म्हणजे पत्र्याचा, खिडकीएवढा, चालू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर आडवं होतं. त्याच्या तोंडाशी स्टूल ठेवून त्यावर लॅपटॉप मांडला. तासभर फार छान गेलं. आकडा पंच्याऐंशीवर आला. मी खुर्चीत बसून टाळी वाजवली. पण कूलरची हवा म्हणजे निम्मी हवा आणि निम्मं पाणी, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. कीबोर्डवरचं 'आर' हे अक्षर फुगून अडकलं आणि तेजलने एका कंपनीला जो अर्ज पाठवला त्याची सुरुवात 'डिअर सरर्रर्रर्रर्र' अशी झाली.

"आता तिसरं कोणतं राहिलं म्हणालात?" सुमनने विचारलं.

"प्रारण."

"ते नका करू."

संध्याकाळी मी इकबालभाईंकडे गेलो. आमच्या कोपऱ्यावर त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. केळी नेणारे सगळे ट्रक घाट चढायच्या आधी त्यांच्याकडे थांबतात. माणूस माझ्याच वयाचा, शांत, बोटं कायम काळी. मी त्यांना ट्रकच्या रेडिएटरचा जुना पंखा मागितला.

"पंखा कायको, सर?"

मी सगळी हकीकत सांगितली. वहन आणि अभिसरणासकट. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "सर, ट्रक गरम होतो तेव्हा आम्ही बोनेटवर पाणी नाही टाकत. पहिले जाळी खोलून बघतो. नव्वद टक्के वेळा जाळीत कचरा असतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये पण छोटा रेडिएटरच असतो ना? आणा इकडे. पंधरा मिनिटांचं काम आहे."

आता सांगा, पदवीधर, विज्ञानाचा शिक्षक, आणि त्याने ट्रकवाल्यांच्या मेकॅनिककडून लॅपटॉप खोलून घ्यायचा? मी हसलो. चांगलं मोठ्याने हसलो. "इकबालभाई, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे. यात ऑइल नसतं."

"जशी मर्जी," ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. पंखा मात्र दिला नाही.

रविवार उजाडला. दुपारी तेजल डोक्यावरून आंघोळीला गेली होती. (तिला अर्धा तास लागतो.) माझ्या डोक्यात एक इतका सरळ विचार आला की तो आधी कसा आला नाही याचं नवल वाटलं. थंड करायचंय ना? मग घरात थंड करायचं यंत्र आहेच की! मी फ्रीजमधला मधला कप्पा रिकामा केला, दह्याचं पातेलं मागे सारलं, आमरसाचं भांडं दाराकडे आणलं आणि लॅपटॉप चालू स्थितीत, अर्धवट उघडा, अलगद आत ठेवला. दहाच मिनिटं ठेवायचा होता. मग मी जरा खुर्चीत टेकलो.

मला जाग आली ती सुमनच्या किंकाळीने.

झालं असं, की तेजलने मुलाखतीच्या सरावासाठी तिच्या एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर बोलावून ठेवलं होतं. ती वेळेवर आली. त्याच वेळी सुमनने ताकासाठी फ्रीज उघडला, आणि दह्याच्या पुढून एक बाई म्हणाली, "हॅलो? काकू, आवाज येतोय का?"

आमरस खाली, सुमन भिंतीला आणि मी दारात.

"अहो, फ्रीज बोलतोय!"

"काकू, तुम्ही आडव्या दिसताय," फ्रीज म्हणाला.

मी धावत जाऊन लॅपटॉप बाहेर काढला. ही आणखी मोठी चूक. बाहेर चव्वेचाळीस अंश, लॅपटॉप बर्फगार. बघता बघता गार पाण्याच्या बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटला. वरून, खालून, कळांच्या फटीतून! ('उष्णता'नंतरचा धडा 'दवबिंदू'. तोही मीच शिकवायचो.) स्क्रीन एकदा लुकलुकली आणि गेली.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. शाळेत, बँकेत, शेजारी मी शुद्ध बोलतो, पण घाबरलो की अहिराणीच बाहेर येते. "मरी गऊ रे बा!" मी ओरडलो. "बठ्ठं मरी गयं!" (बठ्ठं म्हणजे सगळं.)

तेजल डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने जमिनीवरचा आमरस पाहिला, फ्रीजचं उघडं दार पाहिलं, माझ्या हातातला घाम गाळणारा लॅपटॉप पाहिला. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्याचा टॉवेल सोडला, माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, त्याची बॅटरी काढून तो पुसला, पंख्याखाली उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. केसांतून पाणी गळत होतं. थोड्या वेळाने पाणी केसांतूनच गळतंय असं वाटेना.

"तेजू," मी म्हणालो, "मी काय करू सांग."

"पप्पा, एक कराल?"

"सांग ना."

"काहीच करू नका."

इतकं साधं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि इतकं जडही कोणतं गेलं नव्हतं. मी चार तास नुसता बसलो. संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला. आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला: दुरुस्तीच्या कामासाठी आपल्या भागात सोमवारी सकाळी अकरा ते दुपारी चार वीजपुरवठा बंद राहील.

म्हणजे कूलर बंद. पंखा बंद. लॅपटॉपची बॅटरी चालणार जेमतेम अर्धा तास. परीक्षा आणि मुलाखत मिळून दोन तास.

सुमनने फोन उचलला आणि रावेरला वडिलांना लावला. माझे सासरे, नाना, केळीचे बागायतदार. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीसचा. फोन स्पीकरवर नव्हता तरी आम्हाला सगळं ऐकू आलं.

"कायले रडता तठी?" नाना गरजले. "पोरीले अठी घेऊन या! आपल्या केळीचं कोल्ड हाये ना! तेरा डिगरी! जनरेटर हाये! बसव तिले आत खुर्ची टाकून!"

रावेरला नानांचं केळीचं पॅकहाउस आहे. केळी धुवायची, खोक्यांत भरायची आणि लांबच्या गावी पाठवेपर्यंत थंड खोलीत ठेवायची. त्या खोलीला तिकडे सगळे 'कोल्ड' म्हणतात. मी सुमनकडे पाहिलं, सुमनने तेजलकडे. तेजल दोन दिवसांत पहिल्यांदा खरं हसली. "मम्मी, स्वेटर कुठेय माझा?"

सोमवारी सकाळी आम्ही गाडीने निघालो. लॅपटॉप सुमनच्या मांडीवर, उशीवर. मला त्याला हात लावायला बंदी होती. गाडी मात्र मीच चालवत होतो, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही. भुसावळ, सावदा करत अकराला रावेर गाठलं. नानांनी जेवायला शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी तयार ठेवल्या होत्या. जेवून आम्ही पॅकहाउसला गेलो.

नानांनी ते जाडजूड दार उघडलं आणि आतल्या हवेची झुळूक अंगावर आली. काय सांगू! बाहेर पंचेचाळीस, आत तेरा. छतापर्यंत केळीची खोकी, वर घुमणारे मोठे पंखे, आणि मधोमध रिकाम्या क्रेट्सचं टेबल, त्यावर नानींची चादर अंथरलेली. तेजलने कुर्त्यावर स्वेटर चढवला, वर शाल घेतली आणि लॅपटॉप सुरू केला. आकडा पंचावन्न! गिरणी गप्प! मला वाटलं आपण आयुष्यभर इथेच राहावं, खोक्यांमध्ये.

दोनला वीस मिनिटं कमी असताना तेजल म्हणाली, "पप्पा, नेटवर्क नाहीये."

"असं कसं? बाहेर पाच काड्या आहेत."

"आत एकही नाहीये."

कोल्डच्या भिंती म्हणजे दोन बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. थंडी बाहेर जात नाही आणि नेटवर्क आत येत नाही! नाना चिडले. "टावर तं आपल्या बांधावर हाये!" जणू भाडेकरार असूनही टॉवरने त्यांची फसवणूक केली होती.

उपाय एकच होता. दार वीतभर उघडं ठेवायचं आणि त्या फटीत फोन धरून बसायचं, म्हणजे फोनला बाहेरून नेटवर्क मिळेल आणि तो ते आत लॅपटॉपला देईल. फोन धरायला कुणीतरी हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे 'काहीच न करण्या'च्या सगळ्यात जवळचं काम होतं.

दोन वाजता परीक्षा सुरू झाली. मी दाराच्या फटीत, एक पाय आत, एक पाय बाहेर. डावं अंग रावेर, उजवं अंग काश्मीर. पाच मिनिटांत नाना आले.

"जावाई, दार लावा! माल पिकीन!"

"नाना, तेजूची परीक्षा चालू आहे," मी कुजबुजलो.

"तं केळी नापास करू का मी?"

एकीकडे एकुलती नात आणि दुसरीकडे ट्रकभर केळी. नानांच्या चेहऱ्यावर जी ओढाताण दिसली ती मी विसरणार नाही. ते गेले आणि एक जाड गोधडी घेऊन आले. ती त्यांनी माझ्या अंगावरून अशी टाकली की फट बंद झाली, आतली थंडी आत राहिली आणि मी गोधडीत. पंचेचाळीस अंशांत, मे महिन्यात, गोधडीत! फक्त फोनचा हात तेवढा बाहेर उन्हात.

परीक्षा संपली, मुलाखत सुरू झाली. या वेळी साहेबांबरोबर एक मॅडमही होत्या. गोधडीतून मला आतलं ऐकू येत होतं. (बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो.)

"तेजल, तुमच्या मागे धुकं दिसतंय. तुम्ही कुठून बोलताय?"

"रावेरहून, मॅडम."

"रावेर हिमाचलमध्ये येतं का?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. पाहतो तर काय, स्क्रीनवर सूचना: फोन फार तापला आहे, थंड होईपर्यंत बंद होत आहे. लॅपटॉप गार ठेवण्याच्या नादात मी फोन उन्हात भाजत होतो! मी हात झटकन आत घेतला. आतून तेजलचा आवाज आला, "हॅलो? मॅडम?" नेटवर्क गेलं. हात बाहेर काढला. नेटवर्क आलं. आत, बाहेर. आत, बाहेर. लॅपटॉपवर मॅडमचा चेहरा येत होता, जात होता.

"नाना!" मी दबक्या आवाजात हाक मारली. "फोनला सावली करा!"

नाना धावत आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ओलं गोणपाट. छत्री त्यांनी फोनवर धरली आणि गोणपाट फोनच्या खाली. फोनला राजाची बडदास्त मिळाली. ज्याच्या हातात फोन होता तो माणूस उन्हातच राहिला, पण ती तक्रार करायची वेळ नव्हती. मी घामाने निथळत होतो, उजवा पाय गारठून बधिर झाला होता, आणि डोळ्यांसमोर काजवे यायला लागले होते. तरी मी फोन सोडला नाही. आत माझी मुलगी पहिल्यांदा न अडखळता, न घाबरता, घडाघडा उत्तरं देत होती. ते ऐकायला मी गोधडीत आणखी दोन तास बसलो असतो.

पण पायाने ऐकलं नाही. बधिर झालेला पाय मुडपला, दार ढकललं गेलं, आणि मी गोधडी, फोन आणि नानांच्या छत्रीसह कोल्डच्या आत, थेट तेजलच्या मागे, कॅमेऱ्याच्या समोर जाऊन पडलो. धडाम! वर दोन खोकी.

मॅडमचा आवाज आला, "तेजल, मागे काहीतरी पडलं. कोण आहे ते?"

तेजलने मागे वळून पाहिलं. गोधडीतून माझं डोकं बाहेर आलं होतं, आणि फोनचा हात वर, दाराच्या दिशेने. नेटवर्क जाऊ नये म्हणून.

"माझे वडील आहेत, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "ते नेटवर्क आहेत."

पलीकडे दोघं जे हसायला लागले ते थांबेचनात. तेजलही हसली. मी जमिनीवरून नमस्कार केला, एका हाताने. नंतरची पंधरा मिनिटं त्यांनी केळीबद्दलच विचारलं, आणि नानांनी मध्ये येऊन दोन प्रश्नांची उत्तरं स्वतः दिली.

आठवड्याने पत्र आलं. तेजलची निवड झाली! आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो आणि कुणाचंच कुणाला ऐकू येईना. सुमनने पदराने डोळे पुसले आणि पहिला फोन रावेरला लावला. नानांनी शेजारच्या चार गावांना कळेल इतक्या आवाजात विचारलं, "केळीचं सांगितलं तं त्याच्यामुळंच घेतलं ना तिले?"

तेजल पुण्याला गेली. कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिला आणि जुना घरी राहिला. महिन्याभराने ती सुटीला आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, आता तरी हा इकबालचाचांना दाखवू या." या वेळी मी हसलो नाही. इकबालभाई स्वतःच घरी आले. आमच्या पडवीत सतरंजीवर बसून त्यांनी छोट्या पेचकसाने खालचं झाकण उघडलं. आत खरंच एक इवलासा रेडिएटर होता. तांब्याची नळी, बारीक बारीक पट्ट्या आणि शेजारी पंखा. मी मान खाली घालून पाहत राहिलो.

पट्ट्यांच्या फटी दिसतच नव्हत्या. त्यांवर पांढरा, घट्ट थर बसला होता. इकबालभाईंनी ब्रशच्या दांड्याने हलकेच ओढला तर अख्खा थर निघून आला, बर्फीच्या वडीसारखी.

"धूळ नाही ही," ते म्हणाले. "धूळ काळी असते." त्यांनी वडी नाकाजवळ नेली, हुंगली, पुन्हा हुंगली. "सर, इसमें तो चंदन है."

सुमनने ती घेतली आणि हुंगली. मग हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बनियनवर बसलो होतो. गळा, पाठ, पोट, सगळीकडे घामोळ्यांची पावडर. चंदनाची.

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

आता कबूल करणं भाग आहे. रोज दुपारी, जेवणानंतर, तेजल आणि सुमन झोपल्या की मी गुपचूप लॅपटॉप घ्यायचो, गादीवर उताणा पडायचो आणि तो उघड्या पोटावर ठेवून बर्फ पडतानाचे व्हिडिओ बघायचो. डोंगरावर पडणारा बर्फ, झाडांवर पडणारा बर्फ, तासन् तास. बघून गार वाटायचं! पोटाला मात्र खालून चटका बसायचा, पोट लाल व्हायचं. मला वाटायचं घामोळं आलंय. मग मी आणखी पावडर लावायचो. ती लॅपटॉपचा पंखा खालून आत ओढून घ्यायचा. त्याने लॅपटॉप आणखी तापायचा, पोट आणखी लाल व्हायचं आणि मी आणखी पावडर लावायचो. असे माझे दोन डबे त्या पट्ट्यांमध्ये गेले होते. ऊन, कूलर, लोडशेडिंग, जळगावचा मे महिना, सगळे निर्दोष होते!

"म्हणजे पप्पा," तेजल सावकाश म्हणाली, "माझी पुण्याची पहिली मुलाखत तुमच्या पावडरीने बंद पाडली?"

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग सतरंजीवर आडवी होऊन पोट धरून हसायला लागली. सुमनही हसली. इकबालभाईंनी हसू आवरायला तोंडावर तोच काळा हात धरला, आणि नाकाखाली ऑइलची मिशी उमटली. मग मीही हसलो. हसण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

लॅपटॉप आता पन्नासच्या वर जात नाही. इकबालभाईंनी पंधरा मिनिटांतच काम केलं, अगदी म्हणाले होते तेवढ्याच वेळात. सुमनने मात्र एक नियम केला आहे: आंघोळ करून, अंग कोरडं पुसून, पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय मी त्याला शिवायचं नाही. म्हणून हा सगळा मजकूर मी वहीत पेनाने लिहिला आहे. टाइप करायला लॅपटॉप मागितला होता. ती म्हणाली, आधी आंघोळ. आणि आमच्या नळाला पाणी परवा येणार आहे.